वजा शंभर : कपात प्रस्तावाची मीमांसा

भारतीय संसदेवरचे ग्रंथ उघडून पाहावेत. राष्ट्रपतींच्या अधिकारांवर प्रकरण असते, पक्षांतरबंदीवर तर दोन-दोन असतात. शंभर रुपयांवर एकही नसते. शेवटच्या विषयसूचीत ‘शंकरदयाळ शर्मा’ यांच्यानंतर थेट ‘शपथविधी’ येतो. मध्ये ‘शंभर’ यायला हवे होते, पण कोणी घातलेले नाही. ही पोकळी भरून काढण्याचा हा अल्प प्रयत्न आहे. विषय क्षुल्लक आहे हे प्रस्तुत लेखकास मान्य आहे. किंबहुना तो पुरेसा क्षुल्लक आहे की नाही, याचीच चर्चा पुढे करावी लागणार आहे.

प्रथम विषयाची मांडणी. केंद्र सरकारला वर्षभराच्या खर्चासाठी पैसा हवा असला तर घटनेच्या 113व्या अनुच्छेदाप्रमाणे त्याला खातेनिहाय मागण्या लोकसभेपुढे ठेवाव्या लागतात. शेतीला इतके कोटी द्या, रेल्वेला तितके द्या. विरोधी बाकावरच्या सदस्याला यावर नुसते ‘देऊ नका’ म्हणता येते, पण त्याहून शास्त्रोक्त मार्ग म्हणजे कपात प्रस्ताव. आमच्या विधानसभेत याला कपात सूचना म्हणतात. लोकसभेच्या कार्यपद्धतीचा 209वा नियम तिचे तीन प्रकार सांगतो. खात्याचे धोरणच मान्य नसेल तर मागणी एक रुपयावर आणावी. उधळपट्टी दिसत असेल तर अमुक एवढी रक्कम कापावी. आणि एखादे विशिष्ट गाऱ्हाणे वेशीवर टांगायचे असेल तर मागणीतून शंभर रुपये कमी करावेत. यांपैकी मधला, काटकसरीचा प्रकार आम्ही इथेच सोडून देतो. त्यात रक्कम विचार करून ठरवावी लागते. त्यामुळे तो हिशेबनिसांचा विषय आहे, मीमांसकांचा नव्हे.

एक रुपयापासून सुरुवात करू. एकच का, शून्य का नाही? पूर्वपक्ष म्हणेल की धोरण इतके वाईट असेल तर त्याला रुपया तरी कशाला द्यायचा. यावर उत्तरपक्ष असा की, मागणी शून्यावर आणली तर मागणीच उरत नाही आणि मग चर्चा कशावर करणार? एक रुपया ठेवला म्हणजे खाते शिल्लक राहते, मंत्री शिल्लक राहतो, त्याची गाडीही पोर्चमध्ये उभी राहते. फक्त तिच्यात पेट्रोल नसते. धोरण बदला आणि बाकीचे घेऊन जा, असा हा निरोप आहे. हिंसा करायची पण जीव ठेवायचा, हे तत्त्व ज्याने नियमात बसवले त्याला विरोधी पक्षाचे मन चांगले कळत असले पाहिजे. मंत्रीच उरला नाही तर जाब विचारायचा कोणाला?

आता या एक रुपयात तिसऱ्या प्रकारचे शंभर मिळवा. एकशे एक होतात. महाराष्ट्रात मुंजीपासून वास्तुशांतीपर्यंत आहेराच्या पाकिटात पिढ्यान्‌पिढ्या जो आकडा गेला, तो हाच. नियम करणाऱ्यांत कोणी कार्यालयाच्या दारात वही घेऊन बसलेला काका होता, असे म्हणायला पुरावा नाही. पण साम्य वरवरचेही नाही. आहेराचे एकशे एक नवदांपत्याच्या संसाराला पुरावेत म्हणून कोणी देत नाही. आम्ही आलो होतो, सगळे पाहिले, वहीत नाव लिहून घ्या, एवढेच त्यातून कळवायचे असते. कपात प्रस्ताव देणाऱ्या खासदाराचाही तिजोरी वाचवण्याचा विचार नसतो. अमुक बाबतीत सरकारने काय केले ते मी विचारले आणि मंत्र्याला उत्तर द्यावे लागले, हे कार्यवृत्तात छापून यावे, हा त्याचा आहेर.

आता क्षुल्लकतेचा प्रश्न. पुढचा 210वा नियम म्हणजे कपात प्रस्तावाच्या सोवळ्याओवळ्याची जंत्री आहे. त्यात युक्तिवाद नसावा, अनुमान नसावे, उपरोधिक शब्द नसावेत, आरोप नसावेत, विशेषणे नसावीत. एवढी पथ्ये पाळून मराठी माणसाला सरकारविषयी एक पूर्ण वाक्य बोलता येईल का, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे आणि त्यासाठी आम्ही अनुदानाच्या शोधात आहोत. याच जंत्रीत आणखी एक अट आहे : प्रस्ताव क्षुल्लक बाबीसंबंधी नसावा. वाचकांनी इथे थोडे थांबावे. रक्कम शंभरच हवी, दीडशे चालणार नाही, म्हणजे ती क्षुल्लक असलीच पाहिजे. आणि बाब मात्र क्षुल्लक असता कामा नये. रकमेचे आणि बाबीचे असे व्यस्त प्रमाण दुसऱ्या कुठल्या व्यवहारात आढळत नाही. सरकारच्या बाजूला ते उलटे होते, इतकेच. तिथे रक्कम हजारो कोटींची असते आणि बाबीच्या रकान्यात ‘इतर खर्च’ असे लिहिलेले असते.

शिवाय सगळ्याच मागण्यांना हे शंभर लागू पडत नाहीत. काही खर्च ‘भारित’ असतो. त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान नाही. राष्ट्रपतींचे वेतन त्यात येते, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे येते आणि सरकारी कर्जाचे व्याजही येते. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात एकूण खर्च 50,65,345 कोटी रुपये धरला आहे आणि त्यात व्याजच पावणेतेरा लाख कोटींच्या आसपास आहे. म्हणजे खर्चाचा साधारण चौथा हिस्सा असा, की ज्यातून शंभर रुपये कमी करा असे म्हणण्याचीही सोय नाही. सावकाराचे देणे कोणाच्या मतावर ठेवू नये, हे शहाणपण आपल्या घटनाकारांना होते.

उरलेल्या तीन चतुर्थांशात कपात प्रस्ताव कसे वापरतात, हे पाहिले की मीमांसकाचे डोळे पाणावतात. शंभर रुपयांच्या, म्हणजे सांकेतिक कपातीच्या सूचना वाचाव्यात. मागणीतून शंभर रुपये कमी करावेत, असे वर म्हटलेले असते आणि खाली कारण दिलेले असते : अमुक स्थानकावर उड्डाणपूल बांधण्याची गरज, तमुक जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय काढण्याची गरज. म्हणजे शंभर कापा, कारण तुम्ही शंभर कोटी देत नाही आहात. मुंबईत आणि नागपुरातही तेच. आमदार ‘मी कपात सूचनांना पाठिंबा देण्यासाठी उभा आहे’ असे म्हणून सुरुवात करतो आणि बसेपर्यंत दोन पूल, एक ग्रामीण रुग्णालय आणि तलाठी कार्यालयाची इमारत मागून मोकळा होतो. कपातीच्या नावाने एवढी वाढ मागणारा दुसरा दस्तऐवज आमच्या माहितीत नाही. यात विसंगती आहे असे अर्थशास्त्री म्हणतील. त्यांना मतदारसंघ नसतो.

रकमेच्या लहानपणाची मोजदाद केल्याखेरीज प्रबंध पुरा होत नाही. वर दिलेल्या एकूण खर्चाशी ताडून पाहिले तर शंभर रुपये म्हणजे साधारण पन्नास हजार सहाशे कोटी भागांतला एक भाग. केंद्राच्या खर्चाच्या खंडात आकडे कोटींत छापतात, दशांश चिन्हापुढे दोन घरे. तिथे छापता येणारी सर्वांत लहान रक्कम एक लाख रुपये. म्हणजे उद्या चमत्कार होऊन प्रस्ताव संमत झालाच, तर त्या पुस्तकातला एक अंकही हलणार नाही. वेळेच्या हिशेबाने पाहावे, तर संसदेच्या एका मिनिटाला अडीच लाख रुपये लागतात असा आकडा वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापून येतो. तो खरा धरल्यास शंभर रुपयांत सेकंदाचा चाळिसावा हिस्सा मिळतो. एवढ्यात ‘अध्यक्ष महोदय’मधला ‘अ’ म्हणायला तोंड उघडेल, पण आवाज फुटणार नाही.

मग अशा रकमेला सरकारे घाबरतात का? घाबरतात, आणि त्याला इतिहास आहे. ही रीत आपल्याकडे वेस्टमिन्स्टरहून आली. पैसे हवेत ना, मग आधी गाऱ्हाणे ऐका, असे तिथले लोकप्रतिनिधी राजाला मध्ययुगापासून सांगत आले. 21 जून 1895 रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये लष्कराच्या खर्चावर चर्चा चालू होती. युद्धमंत्री कॅम्बेल-बॅनरमन यांच्या पगारातून शंभर पौंड कमी करावेत, अशी सूचना विरोधकांकडून ब्रॉड्रिक यांनी मांडली. कारण काय, तर कॉर्डाइट नावाच्या बिनधुराच्या दारूचा साठा पुरेसा नाही. मतदान झाले, 132 विरुद्ध 125. सात मतांनी शंभर पौंड गेले आणि त्यांच्यामागोमाग लॉर्ड रोझबरींचे अख्खे मंत्रिमंडळ गेले. ज्या सरकारवर सभागृह शंभराचा विश्वास ठेवत नाही, त्याच्या हाती कोटी कसे द्यायचे, असा त्यामागचा तर्क. रक्कम मोठी असती तर तिच्यावर घासाघीस करता आली असती, निम्म्यावर तडजोड झाली असती. शंभरावर तडजोड होत नाही. त्यामुळे मंत्र्यापुढे दोनच वाटा उरतात : समाधानकारक उत्तर द्या किंवा बहुमत मोजून दाखवा. बहुतेक मंत्री दुसरी वाट धरतात, कारण बहुमत आधीच मोजलेले असते.

आपल्या पूर्वसूरींना तर हे शंभरही मिळाले नव्हते. गोपाळ कृष्ण गोखले मार्च 1902 मध्ये कलकत्त्याच्या शाही विधिमंडळात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलले, तेव्हा सदस्यांना फक्त बोलण्याची मुभा होती. प्रस्ताव मांडायचा नाही, मत मागायचे नाही. सोलापूरच्या गणेश व्यंकटेश जोशींसारख्या मास्तरांच्या मदतीने आकडे पिंजून गोखल्यांनी सरकारची शिल्लकच सरकारच्या अंगावर घातली. देशात दुष्काळ आणि तिजोरीत शिल्लक, म्हणजे रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला, हा त्यांचा मुद्दा. मिठावरचा कर तेव्हा मणाला अडीच रुपये होता. 1903 मध्ये तो दोन झाला, 1905 मध्ये दीड, 1907 मध्ये एक. हे एकट्या गोखल्यांमुळे झाले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण एक पैसा कापण्याचा अधिकार नसलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत दीड रुपया कमी झाला, ही नोंद या शंभराच्या शास्त्रात असायलाच हवी. पुढे 1919 च्या सुधारणांनी मागण्यांवर मत देण्याचा अधिकार आला, तेव्हा मोतीलाल नेहरूंच्या स्वराज्य पक्षाने शंभर-बिंबर भानगडीत न पडता मार्च 1924 मध्ये जकात, प्राप्तिकर, मीठ आणि अफू या चार मागण्या सबंधच्या सबंध फेटाळल्या. व्हाइसरॉयसाहेबांनी खास अधिकार वापरून निकाल फिरवला. कपातीचे शास्त्र संयमाचे का आहे, ते यावरून कळावे.

स्वतंत्र भारतात कपातीने सरकार पडल्याचे उदाहरण हवे असेल तर रांचीला जावे लागते. 27 एप्रिल 2010 रोजी इंधन दरवाढीच्या रागातून भाजप आणि डावे, दोघांनीही लोकसभेत कपात प्रस्तावांवर मतदान मागितले. मनमोहन सिंग सरकार 201 विरुद्ध 289 असे तरले. तरणाऱ्या बाजूला एक मत शिबू सोरेन यांचे होते. ते त्या वेळी झारखंडचे मुख्यमंत्री होते, खासदारकीही सोडलेली नव्हती, आणि रांचीतले त्यांचे सरकार भाजपच्या पाठिंब्यावर चालले होते. भाजपने दुसऱ्याच दिवशी पाठिंबा काढण्याचे ठरवले. महिनाभर घोळ चालला आणि 30 मे रोजी सोरेन यांनी राजीनामा दिला. प्रस्ताव पडला दिल्लीत, सरकार पडले हजारभर किलोमीटरवर. शस्त्राच्या पल्ल्याचा हा विक्रम असावा.

लहान आकड्याची ताकद राममनोहर लोहियांनी ओळखली होती तशी फार थोड्यांनी ओळखली. पोटनिवडणुकीत फर्रुखाबादहून निवडून येऊन त्यांनी ऑगस्ट 1963 मध्ये अविश्वास ठरावावर भाषण केले. देशातले 27 कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात आणि पंतप्रधानांवर रोज 25 हजार रुपये खर्च होतात, हा त्यांचा आरोप. नेहरू म्हणाले, तीन नव्हे, पंधरा आणे. मग तीन की पंधरा यावर देश बोलू लागला. प्रस्तुत लेखकाचे लक्ष एका उपेक्षित गोष्टीकडे आहे. दशमान पद्धत 1 एप्रिल 1957 रोजी लागू होऊन आणे हिशेबातून गेले होते. म्हणजे भारताच्या पंतप्रधानांनी आणि त्यांच्या सर्वांत कडव्या विरोधकाने देशाच्या दारिद्र्याचा वाद सहा वर्षांपूर्वी मोडीत निघालेल्या नाण्यात घातला. तीन आणे म्हणजे एकोणीस नवे पैसे. ‘एकोणीस पैसे विरुद्ध चौऱ्याण्णव पैसे’ असा वाद झाला असता तर तो आज कोणाच्या लक्षात राहिला नसता.

महाराष्ट्राने याहून लहान आकडा पाहिला आहे. दशकभरात सिंचनक्षेत्र 0.1 टक्क्याने वाढले, असे राज्याच्याच आर्थिक पाहणीत छापून आले आणि सुमारे 70 हजार कोटी गेले कुठे, असे विरोधकांनी विचारायला सुरुवात केली. सप्टेंबर 2012 मध्ये उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी राजीनामा दिला, नोव्हेंबरअखेर श्वेतपत्रिका निघाली, डिसेंबरात पवार परत आले. आकड्यावरचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे इतकेच की, हजारो कोटींनी जे झाले नव्हते ते एक दशांशाने केले, आणि तो एक दशांश विरोधकांनी शोधलेला नव्हता, सरकारी छापखान्यातून आला होता.

सरकारलाही लहान रकमेचे महत्त्व कळते, हे आता कबूल करायला हवे. वर्षाच्या मधेच नवी योजना निघाली आणि पैसा दुसरीकडून वळवता येण्यासारखा असला, तर पुरवणी मागण्यांत तिच्या नावावर हजार रुपयांसारखी लाक्षणिक तरतूद करतात. सभागृहाने हजार मंजूर केले की दार उघडले. मग त्यातून किती कोटी आत जातात ते पुढचे पुढे. विरोधकांचे शंभर वजा, सरकारचे हजार अधिक. दोघांनाही त्या रकमेशी कर्तव्य नाही. फरक एवढाच की सरकारचे हजार मंजूर होतात. लाक्षणिक नसलेल्या पुरवणी मागण्यांविषयी बोलायचे तर जुलै 2024 मध्ये महाराष्ट्रात त्या 94,889 कोटींच्या होत्या, आणि अर्थसंकल्प मांडून तेव्हा पंधरवडाही झाला नव्हता. विरोधकांनी पायऱ्यांवर घोषणा दिल्या. नागपूर अधिवेशन असते तर संत्र्यांच्या माळाही आल्या असत्या.

शंभराचा खरा शत्रू मात्र मंत्री नव्हे, घड्याळ आहे. मागण्यांवरच्या चर्चेचे दिवस ठरलेले असतात. शेवटच्या दिवशी ठरल्या वेळी अध्यक्ष उरलेल्या सगळ्या मागण्या एकदम मताला टाकतात. याला गिलोटिन म्हणतात. कपात प्रस्ताव तर त्याआधीच एका ‘नाही’च्या आरोळीत शेकड्यांनी कापले गेलेले असतात. खासदाराने पंधरा मिनिटांच्या आत प्रस्तावांचे क्रमांक लिहून चिठ्ठी टेबलाकडे पाठवली नसेल, तर त्याला एवढेही मरण मिळत नाही. प्रस्ताव मांडलाच नाही असे धरतात. 2018 आणि 2023 च्या मार्चमध्ये लोकसभेत सगळ्याच मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. पहिल्या वेळी विरोधकांना बँक घोटाळ्यावर आणि इतर विषयांवर बोलायचे होते. दुसऱ्या वेळी विरोधक अदानी प्रकरणात संयुक्त संसदीय समिती मागत होते, तर सत्ताधारी राहुल गांधींची माफी. खर्चाचा हिशेब उघड करा म्हणून विरोधकांनी सभागृह अडवावे आणि सभागृह अडले म्हणून खर्च न उघडता मंजूर व्हावा, हे चक्र इतके गोल आहे की त्याचा दोष कोणत्या बिंदूवर ठेवावा, हे भूमितीलाही सांगता येणार नाही. आमचे मत विचाराल तर सभागृह चालवण्याची पहिली जबाबदारी सरकारची; पण गोंधळात सर्वांत जास्त सोय कोणाची होते, हे विरोधकांनीही कधी तरी मोजावे.

तुलनेसाठी नागरिकाचा दर द्यायला हवा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. महाराष्ट्रात त्यावर कोर्ट फीचे तिकीट चिकटवतात. कागदाच्या प्रती पानाला दोन रुपये. म्हणजे सरकारला जाब विचारण्याचा नागरिकाचा दर खासदाराच्या एक दशांश आहे आणि तो त्याला पदरचा द्यावा लागतो. खासदाराचे शंभर त्याच्या खिशातून जात नाहीत, सरकारच्याही जात नाहीत. ते आजवर कोणाच्याच खिशातून गेलेले नाहीत. इतकी वर्षे चलनात राहून एकदाही खर्च न झालेली ही देशातली बहुधा एकमेव रक्कम आहे.

राहता राहिली शिफारस. महागाईच्या मानाने या शंभरात वाढ व्हायला हवी, असे प्रस्तुत लेखकाचे मत बनत आले आहे. षण्मुखम चेट्टी यांनी 26 नोव्हेंबर 1947 रोजी मांडलेल्या स्वतंत्र भारताच्या पहिल्या अर्थसंकल्पात खर्च सुमारे 197 कोटी होता. त्या खर्चात शंभर रुपयांचे जे वजन होते तेच आज राखायचे, तर सांकेतिक कपात पावणेसव्वीस लाखांच्या आसपास न्यावी लागेल. ती छापताही येईल : 0.26 कोटी. यावर असा आक्षेप येतो की, तो अर्थसंकल्प साडेसात महिन्यांचाच होता. वर्षाचा हिशेब धरला तर आकडा सोळा लाखांवर उतरतो. आक्षेप बिनतोड आहे. सोळा की पावणेसव्वीस हे ठरवायला एखादी तज्ज्ञ समिती नेमावी लागेल. समिती म्हटली की अध्यक्ष, सचिव, गाडी, प्रवासभत्ता आणि निरनिराळ्या राज्यांतल्या रुपयांची पाहणी करण्यासाठी दौरे आले. तो खर्च अर्थ खात्याच्या पुरवणी मागणीत दाखवावा लागेल, बहुधा ‘इतर’ या शीर्षाखाली. ती मागणी सभागृहात आली की विरोधी बाकावरचा कोणी तरी उठेल आणि समितीच्या दौऱ्यांचा तपशील उघड करावा म्हणून तिच्यावर कपात प्रस्ताव देईल. किती रुपयांचा, ते मात्र समितीचा अहवाल आल्याशिवाय सांगता येणार नाही.